सामाईक शेताला हातभार लावूया

आपल्या अळणावर भागात पाऊस बरा पडतो. पावसाआधी कुरीने कोरड्यात भात पेरण्याची इथली चाल जुनी आहे. तरी आज आपल्या कितीतरी घरी पालेभाजी, डाळ आणि कधी तांदूळसुद्धा बाजारातून येतो. ऊस, मका वाढला. परसातला माठ, शेवगा आणि बांधाकडची नाचणी मागे पडली. ज्यांना जमीनच नाही, त्यांचा चार दिवस रोजगार बुडाला की आधी भाजी जाते, मग डाळ.

याची झळ बायकांना अधिक लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण रोजच्या ताटात पालेभाजी, कडधान्य आणि वर लिंबाची फोडही हवी. नाचणीचे तर काय सांगावे? शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास.

म्हणून आमचे मत असे, की गावातील कुटुंबांनी मिळून एक सामाईक शेत करावे. हे काही नवल नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, कुंदगोळ तालुक्यातील तीर्थ गावी बीबी फातिमा महिला गट २०१८ पासून भरडधान्ये आणि बियाणे-पेढीचे काम करीत आहे. २०२५ साली त्या गटाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. केरळात कुडुंबश्रीच्या बायका लहान गट करून पडीक जमिनी पिकवतात.

अडचण जमिनीची आहे. कर्नाटकात १९७४ च्या जमीन सुधारणेने कुळवहिवाट बंद झाली. तेव्हापासून जमीन दुसऱ्याच्या हाती देताना मालक बिचकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. तेव्हा मालकालाच गटाचा सभासद करावे, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि सारे कागदावर ठेवावे. नुसत्या भरवशावर काढलेले काम पहिल्या भांडणात मोडते.

हे शेत म्हणजे शाळाच समजावी. मिठाच्या पाण्यात भाताचे बी टाकून तरंगणारे पोचट दाणे कसे काढावेत, नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन का घ्याव्यात, उभ्या पिकातून बियाण्याची कणसे कशी निवडावीत, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, पोरांना नाही. ती माणसे आहेत तोवरच हे शिकून घेतले पाहिजे.

वाचकहो, देणगीपेक्षा आम्हांला आठवड्यातली तुमची एक सकाळ हवी. कोणी गाडीभर शेणखत द्यावे, कोणी दोन दिवस बैल. शेरभर बी नेणाऱ्याने सुगीला दोन शेर परत करावे. पिकाची पहिली वाटणी राबणाऱ्या बिनजमिनीच्या घरांना मिळावी. सुरुवात दहा गुंठ्यांनी झाली तरी चालेल. मात्र ती मृगाच्या आधी व्हावी.