रेडिओ स्वदेशी, घड्याळ कोणाचे?

ऑक्टोबर 2025 मध्ये डीआरडीओने सॉफ्टवेअर-डिफाइंड रेडिओंसाठी ‘इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर’ हे मानक प्रसिद्ध केले. एका संचासाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्या उत्पादकाच्या संचावरही चालावी, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु अशा वार्तांभोवती एक भ्रम हमखास पोसला जातो: सॉफ्टवेअर आपले झाले, म्हणजे रेडिओ आपला झाला.

दोन स्वतंत्र रेडिओंकडून एकसंध प्रक्षेपण करवून घ्यायचे ठरले, की हा भ्रम फुटतो. दोन समान लहरी शिखरावर शिखर अशा पोहोचल्या, तर एकटीच्या चौपट शक्ती मिळते. शिखर दरीत पडले, तर हाती शून्य येते. 1 गिगाहर्ट्झच्या लहरीचे आवर्तन 1 नॅनोसेकंदात पुरे होते. म्हणजे अर्ध्या नॅनोसेकंदाची चूक सर्वनाशास पुरेशी आहे. ‘दोन्ही संगणकांना एकाच वेळी आज्ञा द्या’, हा उपाय येथे हास्यास्पद ठरतो. साधी संगणकप्रणाली आज्ञापालनात मायक्रोसेकंदांचा, प्रसंगी मिलिसेकंदांचा विलंब सहज करते.

बरे, आरंभाचा क्षण जुळला तरी भागत नाही. दोन संचांच्या स्फटिक-दोलकांत दहा लाखांत एका भागाचा फरक असला, तरी याच लहरी दर सेकंदाला 1000 आवर्तनांनी एकमेकींपासून सरकतात. म्हणून सेकंदाचा ठोका आणि वारंवारतेचा संदर्भ, दोन्ही समान लागतात. त्यानंतरही उरणारा फेजमधील फरक मोजून दुरुस्त करावा लागतो. ती दुरुस्ती सॉफ्टवेअर करील. पण कशाशी ताडून करायची, हे घड्याळच सांगते.

दूरवरच्या संचांना हे समान घड्याळ बहुधा जीपीएस पुरवते. तो संकेत अतिशय क्षीण, सहज दडपता येणारा आणि परक्या देशाच्या हातचा. आपल्या नाविक प्रणालीने याची किंमत मोजली आहे: आयआरएनएसएस-1ए उपग्रहावरील आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली. देशी रुबिडियम घड्याळ अवकाशात गेले ते 29 मे 2023 रोजी, एनव्हीएस-01 मधून. जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

हे ज्ञान देशात नाही, असेही नाही. खोडदच्या जीएमआरटीच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या असूनही, समान संदर्भाच्या आणि ऑप्टिकल फायबरच्या आधारे, एकच दुर्बीण म्हणून काम करतात. तेथे प्रश्न ग्रहणाचा आहे, प्रक्षेपणाचा नव्हे. पण शिस्त तीच.

साध्या संभाषणाला एवढा काटेकोरपणा लागत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु विखुरलेल्या प्रक्षेपकांची शक्ती एका दिशेला एकवटायची असेल, तर त्याला पर्याय नाही. म्हणून पुढील प्रत्येक ‘स्वदेशी’ घोषणेला एकच प्रश्न विचारला जावा: उपग्रहाचा संकेत तुटल्यावर या रेडिओचे घड्याळ किती काळ आणि किती अचूक चालते? त्याचे उत्तर आकड्यांत मिळत नाही, तोवर तो रेडिओ उसन्या वेळेवरच चालतो आहे.