तळपायाचा डाग यंत्राला दिसेल का?

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि ग्राइंडिंग मशिनवर कामगारांच्या हातांवर दिवसभर कटिंग ऑइल उडत असते. त्वचेला खाज सुटते, पुरळ येतो. मेडिकलमधून मलम आणायचे आणि पुढच्या शिफ्टला हजर व्हायचे, हा शिरस्ता. बहुतेकांचा हा त्रास साधा त्वचादाह असतो. मात्र त्वचेचा कर्करोग आणि कामाची जागा यांचे नाते जुने आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग काजळीशी जोडला होता. अशुद्ध खनिज तेलेही कर्करोगकारक ठरली आहेत. आजची नीट शुद्ध केलेली तेले त्या मानाने सुरक्षित आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत त्वचेच्या कर्करोगाचा समावेश झाला, तो याच अनुभवातून.

आता मोबाइलवरच्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्ता हा आजार ओळखेल, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर तयार केलेली प्रणाली २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. परंतु २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांची ६५६ छायाचित्रे अशा प्रणालींना दाखवली, तेव्हा सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांची अचूकता घसरली. यंत्र जे पाहून शिकते, तेच ओळखते.

आपल्याकडे हा मुद्दा कळीचा आहे. मेलॅनिनमुळे भारतीयांत त्वचेचा कर्करोग कमी आढळतो आणि म्हणूनच त्याची शंका उशिरा येते. मेलॅनोमा आपल्याकडे बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली येतो. दिवसभर सेफ्टी शूजमध्ये असलेला पाय पाहतो कोण? काळा डाग दिसलाच, तर मार लागला असेल किंवा कुरूप असेल म्हणून सोडून दिला जातो. भट्टीजवळ भाजल्याच्या जुन्या व्रणातही वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

शिवाय फोटो फक्त संशय सांगतो. निदान तुकडा काढून तपासल्यावरच होते. खरा उशीर तिथेच आहे. कंत्राटी कामगाराला रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. फोटोचा निकाल एका मिनिटात आला आणि तुकड्याच्या तपासणीला दोन महिने लागले, तर वेग वाढला तो फक्त काळजीचा.

म्हणून हे तंत्रज्ञान जरूर आणावे, पण अटी घालून. आधी ते इथल्या रुग्णांच्या त्वचेवर तपासावे. कारखान्याच्या आरोग्यकक्षात काढलेला फोटो यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील किंवा कामगार विमा योजनेतील तज्ज्ञाकडे जावा. कंत्राटदाराच्या हाती नव्हे. संशयिताची तपासणी ठरावीक दिवसांत, मोफत आणि भरपगारी रजेवर व्हावी. हा खर्च अ‍ॅपच्या खर्चाइतकाच अत्यावश्यक मानावा.

तोवर एवढे लक्षात ठेवावे. महिनाभरात न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, जुन्या भाजल्याच्या व्रणावर आलेली गाठ यांपैकी काहीही दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. अ‍ॅपने ‘काळजीचे कारण नाही’ म्हटले असले, तरीही.