निर्वहणाचा प्रश्न : दीर्घ मालिकांचा अखेरचा भाग आणि प्रेक्षकाचा रोष

दूरचित्रवाणीवरील एखादी दीर्घ मालिका संपते तेव्हा तिच्या अखेरच्या भागाविषयी जो रोष प्रकट होतो, त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकाने घेऊ नये, असा एक अलिखित संकेत मराठी विद्याक्षेत्रात रूढ आहे. मालिका हा करमणुकीचा माल, रोष हा चाहत्यांचा हट्ट आणि त्यावरील चर्चा ही वृत्तपत्रांच्या पुरवण्यांची बाब, अशी ही सोयीस्कर विभागणी होय. १९ मे २०१९ रोजी 'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेचा ७३वा आणि अखेरचा भाग प्रसारित झाला. तिचे आठवे पर्व नव्याने लिहून पुन्हा चित्रित करावे, अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर त्या सुमारास दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्याच वर्षी याच पर्वाला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. सह्या करणारे बरोबर की पुरस्कार देणारे, हा वाद येथे गौण आहे. इतकी माणसे एखाद्या कथानकाच्या शेवटाविरुद्ध तक्रार करतात तेव्हा त्यांना नेमके काय खुपलेले असते, हा प्रश्न मात्र रचनाशास्त्राचा आहे. ज्या नाट्यमीमांसेच्या आधारे विद्यार्थी पंचसंधींवरची टिपणे पाठ करतात, तीच या ठिकाणी उपयोगी पडते. तिला बाजूला ठेवण्याचे कारण दिसत नाही.

या रोषाला दिले जाणारे नेहमीचे उत्तर असे की, शेवट महत्त्वाचा नसून तिथपर्यंतची वाटचाल महत्त्वाची. आठ वर्षे आनंद मिळाला, मग अखेरच्या तासाचे एवढे दुःख कशाला? हे उत्तर वरवर प्रौढपणाचे वाटते, परंतु कथानकाच्या स्वरूपाविषयी ते अज्ञान प्रकट करते. कथेतील आधीच्या घटनांना अर्थ प्राप्त होतो तो त्या कशाकडे नेत आहेत या जाणिवेतून. फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ अॅन एन्डिंग' (१९६७) या ग्रंथात घड्याळाच्या टिकटिकीचे साधे उदाहरण घेऊन हेच दाखवले आहे : पहिल्या आवाजाला आरंभपण येते ते दुसऱ्या आवाजाच्या अपेक्षेने. शेवट बिघडला की आधीचे भाग पुसले जात नाहीत हे खरे. पण ते मागाहून निराळे दिसू लागतात. ज्या खुणांना प्रेक्षकाने संकेत मानले होते, त्या निव्वळ सजावट ठरतात. प्रेक्षकाला फसवणूक वाटते ती याची.

तथापि, प्रत्येक रोषाला प्रमाण मानणेही योग्य नव्हे. अप्रिय शेवट आणि सदोष शेवट यांत भेद करावाच लागतो. हा भेद भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखला होता. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात आनंदवर्धन महाभारताच्या समाप्तीचा विचार करतो. वृष्णींचा संहार आणि पांडवांचा विरस, मन विषण्ण करणारा अंत हा व्यासांच्या रचनेचा दोष आहे, असे तो म्हणत नाही. उलट त्या विरसतेतूनच वैराग्य आणि शांतरस ध्वनित होतो, असे तो प्रतिपादन करतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, दूरदर्शनवरील चोप्रा यांच्या ९४ भागांच्या 'महाभारत' मालिकेने (१९८८-९०) मौसलपर्वापर्यंत जाण्याचे टाळले. विरस अंताची भीती माध्यमाला किती असते, याचे हे घरचेच उदाहरण.

या कसोटीवर 'द सोप्रानोज'चा विचार करता येतो. १० जून २००७ रोजी प्रसारित झालेल्या तिच्या अखेरच्या भागात टोळीप्रमुख टोनी सोप्रानो न्यू जर्सीतील एका साध्या उपाहारगृहात कुटुंबासह बसलेला आहे. दार उघडते, तो मान वर करतो आणि पडदा एकाएकी काळा होतो. काही क्षण आवाजही नाही. केबलची जोडणी तुटली, अशी अनेक प्रेक्षकांची त्या वेळी समजूत झाली होती. रोष मोठा होता. पण तो अपेक्षाभंगाचा होता. दार उघडताना मान वर करण्याची सक्ती ही टोनीने निवडलेल्या आयुष्याची शिक्षा आहे, आणि ते आयुष्य मालिकेने पहिल्या पर्वापासून दाखवलेले आहे. टोनी मेला की जगला हे न सांगता लेखक डेव्हिड चेस यांनी त्याची शिक्षा प्रेक्षकाच्या अंगावर टाकली. शेवट विरस खरा, परंतु बीजाशी इमान राखणारा. काळाच्या ओघात त्याची प्रतिष्ठा वाढत गेली, यात नवल नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या समर्थकांनी नेमका हाच युक्तिवाद आपल्या बाजूने वापरला आहे. दासांना मुक्त करणारी डेनेरिस शेवटी शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतरही राजधानी जाळते. हा अंत प्रेक्षकांना नको होता म्हणून ते रागावले, असे त्यांचे म्हणणे. ते पटण्यासारखे नाही. डेनेरिसच्या ऱ्हासाचे बीज मालिकेत होतेच. पहिल्या पर्वात सख्ख्या भावाच्या मस्तकावर वितळलेले सोने ओतले जात असताना ती निर्विकारपणे पाहत राहते. चौथ्या पर्वात मीरीन नगरातील धनिकांना ती खांबांवर खिळवते. सातव्यात शरण न येणाऱ्या पितापुत्रांना जाळते. तेव्हा उणीव बीजाची नाही. उणीव आहे ती अवमर्श संधीची. 'दशरूपका'त धनंजयाने या संधीची कारणे सांगितली आहेत ती क्रोध, व्यसन म्हणजे संकट, आणि प्रलोभन. फलप्राप्ती हाताशी आलेली असताना यांपैकी एखाद्या कारणाने ती डळमळते आणि पात्र विचारात पडते. डेनेरिसच्या बाबतीत ही कारणे जवळजवळ पाठ्यपुस्तकी अचूकतेने उपस्थित आहेत : विश्वासू सरदाराचा मृत्यू, एका ड्रॅगनचा वध, सखीचा शिरच्छेद, सिंहासनावर अधिक अधिकार सांगू शकणारा प्रियकर. परंतु हे सारे आठव्या पर्वाच्या तिसऱ्या-चौथ्या भागांत घाईघाईने उरकलेले आहे. ज्या मालिकेत एका गावाहून दुसऱ्या गावी जायला पूर्वी अर्धे पर्व लागत असे, तिच्यात एका मनाचा कडेलोट दोन भागांत होतो. प्रेक्षकाने डेनेरिसला विचारात पडलेली पाहिलेलीच नाही. त्याने तिला फक्त गप्प बसलेली पाहिली. त्यामुळे घंटा वाजतात त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते त्याला निर्णयासारखे न वाटता लेखकाच्या आज्ञेसारखे वाटते.

ब्रॅनच्या राज्यारोहणाचे तसेच. अखेरच्या भागात टिरियन सभेपुढे उभा राहतो आणि ज्याची कथा सर्वांत मोठी त्याला राजा करावे, असा तर्क मांडतो. ज्या राजपुत्राच्या कथेचा हा गौरव, तो पाचव्या पर्वात (२०१५) एकदाही दिसलेला नव्हता. विखुरलेली बीजे एका प्रयोजनाशी आणून जोडणे हे निर्वहणाचे काम; येथे न जुळलेल्या धाग्यावर भाषणाची गाठ मारली आहे. कथेचे सामर्थ्य कथेतल्याच पात्राला बोलून सांगावे लागावे, याहून मोठी कबुली कोणती? अॅरिस्टॉटलने आपल्या 'काव्यशास्त्रा'त नोंदवलेच आहे की, गाठ उत्तम बांधणारे अनेक कवी ती सोडवताना मात्र चुकतात.

या ठिकाणी गोपुच्छाची कल्पना आठवते. नाट्यरचनेचा शेवट गाईच्या शेपटीच्या टोकासारखा असावा, हे मत भरतापासून चालत आलेले आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्याचे दोन अर्थ नोंदवले आहेत. काहींच्या मते अंक उत्तरोत्तर लहान होत जावेत, एवढाच त्याचा आशय. (आधी दहा, मग सात, मग सहा भागांची पर्वे करणाऱ्यांनी हा अर्थ मनापासून पाळला, असे म्हणण्याचा मोह होतो.) दुसरा अर्थ अधिक मार्मिक आहे : गाईच्या शेपटीतले काही केस आखूड असतात, काही लांब, त्याप्रमाणे नाटकातील काही कार्ये मुखसंधीतच संपावीत, काही प्रतिमुखात, आणि थोडीच शेवटापर्यंत पोहोचावीत. समाप्ती ही अखेरच्या अंकाची एकट्याची जबाबदारी नसून ती संपूर्ण रचनेत वाटून दिलेली असते, हे या दृष्टांताचे मर्म आहे.

'गेम ऑफ थ्रोन्स'ची प्रारंभीची थोरवी नेमकी याच गुणात होती. ज्याला नायक मानावे असा नेड स्टार्क पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात (२०११) मारला जातो. तिसऱ्या पर्वात लग्नाच्या मांडवात त्याची पत्नी आणि थोरला मुलगा यांची हत्या होते. चौथ्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात जॉफ्री विष पिऊन मरतो. आखूड केस आखूडच ठेवण्याचे धैर्य त्या लेखनात होते. त्याला आधार होता तो जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांचा. त्यांचा पाचवा खंड २०११ साली निघाला. पुढील खंडांची वाट न पाहता मालिकेला पुढे जावे लागले. शेवटाचे मुख्य टप्पे मार्टिन यांनी लेखक-निर्मात्यांना सांगितले होते, पण टप्पे म्हणजे वाट नव्हे. कादंबरी मागे पडली तसे उरलेले सर्व धागे एकाच जागी संपवण्यासाठी राखून ठेवण्यात आले, आणि मग सहा भागांत ते सारे कापावे लागले. वाहिनीची अधिक भाग देण्याची तयारी असूनही लेखक-निर्मात्यांनी ते नाकारले. तेव्हा व्यापाराला दोष देऊन येथे सुटका होत नाही.

शेवट आधी ठरवला असता तर हे टळले असते काय? तशी सर्वसाधारण समजूत आहे, पण अनुभव तिच्या विरुद्ध जातो. 'हाउ आय मेट युअर मदर' (२००५-२०१४) ही विनोदी मालिका असली तरी येथे तिचा दाखला घ्यावाच लागतो. तिच्या शेवटातील मुलांचा प्रसंग २००६ सालीच चित्रित करून ठेवला होता. मुले मोठी दिसू नयेत, हे कारण. पुढची आठ वर्षे पात्रे बदलत गेली, शेवट मात्र डब्यात तसाच राहिला. नववे पर्व जवळजवळ संपूर्णपणे एका विवाहसोहळ्याच्या दोन-तीन दिवसांत घडते आणि अखेरच्या भागात तो विवाह बघता बघता मोडतो, कारण जुन्या चित्रफितीला नायक मोकळा हवा होता आणि नायिकाही. शेवटाशी इमान राखताना मधल्या साऱ्या रचनेशी बेइमानी झाली. पुढे त्याच वर्षी या मालिकेचा पर्यायी शेवटही विक्रीस आणण्यात आला.

'लॉस्ट'चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे, आणि समीक्षेने त्यावर अन्याय केला आहे असे म्हणावे लागते. मालिका २०१० साली संपेल, हे २००७ मध्येच जाहीर झाले होते. म्हणजे अवकाश पुरेसा होता. पहिल्या भागाच्या आरंभी जॅकचा डोळा उघडतो, २३ मे २०१० रोजी दाखवलेल्या अखेरच्या भागात तो मिटतो; मुख आणि निर्वहण यांचा असा नितळ सांधा क्वचितच पाहायला मिळतो. तरीही प्रेक्षक दुभंगला. विमान कोसळले तेव्हाच सारे मेले होते, असा चुकीचा अर्थही पुष्कळांनी काढला. वास्तविक बेटावरच्या घटना खऱ्या आहेत. मृत्यूनंतरचा आहे तो अखेरच्या पर्वातील समांतर जीवनाचा भाग. दोष रसयोजनेत शोधावा लागतो. निर्वहणात अद्भुत रस असावा, असे भरत सांगतो. 'लॉस्ट'ने सहा वर्षे कोडी घालून अद्भुताचीच भूक वाढवली आणि वाढले ते शांताचे पान. ते पान निःसत्त्व नव्हते. परंतु ज्या भुकेने माणसे पंगतीला बसली होती, ती भूक तशीच राहिली.

दैनंदिन मालिकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' (२०००-२००८) अठराशेंहून अधिक भाग चालली. ई टीव्ही मराठीवरील 'चार दिवस सासूचे' (२००१-२०१३) तीन हजारांहून अधिक. या रचनांनी समाप्तीचे वचन कधी दिलेलेच नसते. घरातल्या सणवारांप्रमाणे त्या चालू राहतात, आणि थांबतात त्या प्रक्षेपणाची वेळ दुसऱ्या मालिकेला हवी असते म्हणून. अखेरच्या आठवड्यात खलपात्रांचे हृदयपरिवर्तन होते, सारे कुटुंब एका चौकटीत हसत उभे राहते. त्यावर रोष धरणे म्हणजे जे देण्याचे कबूलच केले नव्हते, ते मागणे. अशा मालिकांकडे पाहण्यासाठी पंचसंधींपेक्षा कीर्तन-आख्यानांच्या, व्रतकथांच्या परंपरेतील साधने कदाचित अधिक उपयोगी ठरतील.

क्रमशः प्रकाशनाची ही अडचण मराठीला परकी नाही. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून हरिभाऊ आपटे कादंबऱ्या क्रमशः लिहीत होते आणि त्यांतील काही अपूर्णच राहिल्या. त्यांच्या पाल्हाळाची चर्चा मराठी समीक्षेने पुष्कळ केली. कोणता धागा कोणत्या प्रकरणात संपतो आणि कोणता शेवटापर्यंत रेंगाळतो, याचा तक्ता मात्र सहसा मांडला गेला नाही. माध्यमलेखनाच्या अभ्यासपत्रिकांतही भर असतो तो आरंभावर, संघर्षावर, भागाच्या अखेरीस उत्कंठा कशी टिकवावी यावर. पंचसंधी शिकवताना उदाहरणे येतात ती 'रत्नावली' आणि 'वेणीसंहार' यांचीच, आणि तीही परीक्षेपुरती. 'वेणीसंहारा'तील भीमाची प्रतिज्ञा आणि तिची पूर्ती यांच्या शेजारी नेड स्टार्कचा शिरच्छेद आणि घंटांचा तो भाग ठेवून अवमर्श संधी शिकवली, तर विद्यार्थ्याला धनंजयाची व्याख्या पाठ करण्याची गरज उरणार नाही. घंटा वाजल्यावर आपण का चिडलो, हे त्याला आठवत असतेच.