दोन पुलांमधला सांधा

अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल सुमारे दीड मीटर खाली राहिला होता. रुळांवरील उंचीचा रेल्वेचा निकष बदलल्याने नवा पूल उंच झाला होता. पुढे व्हीजेटीआयच्या मार्गदर्शनाखाली बर्फीवालाचा जोडभाग जॅकने उचलण्यात आला व ४ जुलैला वाहतूक सुरू झाली. अभियंत्यांचे हे कौशल्य निःसंशय मोठे. प्रकल्प व्यवस्थापकाचे कर्तव्य मात्र उद्घाटनाच्या फार आधीचे असते: उंची बदलताच होणारा परिणाम, खर्च आणि विलंब लेखी मांडणे, वरिष्ठांना रुचो वा न रुचो. ‘तो भाग आमच्या कक्षेत नाही’ हे उत्तर कागदावर कदाचित बिनचूकही ठरेल. अंधेरीकरांना मात्र सलग रस्ता हवा होता.