शनिवारचा हीरो

क्रिस्टोफर नोलन म्हटलं की 'मेमेंटो', 'इन्सेप्शन', 'ओपनहायमर' ही यादी आपल्यापैकी कोणीही धडाधडा म्हणून दाखवेल. पण जेरेमी थिओबाल्ड? नोलनच्या पहिल्या पिक्चरचा, 'फॉलोइंग'चा (१९९८), हा हीरो. श्रेयनामावलीत त्याच्या पात्रालासुद्धा नाव नाही, नुसता 'तरुण'!

लंडनमधला एक बेकार पोरगा. लेखक व्हायचंय, म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मागे मागे फिरतो. एक दिवस कॉब नावाचा घरफोड्या त्याला हटकतो आणि हे साहेब त्याच्याच नादी लागतात. पुढचं सांगत नाही. जेमतेम ७० मिनिटांचा आहे, बघाच.

बजेट साधारण ६००० डॉलर. सगळे नोकरीवाले, म्हणून शूटिंग शनिवारी, जवळजवळ वर्षभर. फिल्म महाग, त्यामुळे आधी नाटकासारख्या तालमी आणि मग एक-दोन टेकमध्ये काम खल्लास. थिओबाल्डचा राहता फ्लॅटच हीरोची खोली झाला. वर तो सहनिर्माताही.

आता खरी गंमत. गोष्ट उलटसुलट क्रमाने येते. आपण नेमके कुठे आहोत हे कळतं ते थिओबाल्डकडे बघून. गबाळा, वाढलेल्या केसांचा असेल तर सुरुवात. केस कापून सूट चढवला असेल तर मधला भाग. तोंड सुजलेलं असेल तर त्यानंतरचं. आधीचा बावळटपणा आणि नंतरची उसनी ऐट, दोन्ही चालण्या-बोलण्यात दिसतात. वर्षभर तुकड्या-तुकड्यांत शूटिंग करून हे सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही राव. तो कुठे घसरला असता तर एवढी हुशार पटकथा नुसतं कोडं होऊन बसली असती.

पुढे नोलन कुठच्या कुठे गेला. थिओबाल्ड २००५च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये दिसतो तो पाणीखात्यातला एक तंत्रज्ञ म्हणून, काही क्षण. लोक लगेच 'बिचारा' म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. माणूस पुढे किती वर चढला यावरून त्याच्या जुन्या कामाची किंमत ठरवायची, ही आपल्या अप्रेझलवाल्या डोक्याची खोड. मॉड्यूल लिहिणारा टीम लीड झाला नाही, म्हणून त्याचा कोड वाईट ठरतो का? तो आजही प्रॉडक्शनमध्ये मुकाट्याने चालतोय ना!

शनिवारी केलेल्या कामाला आपण 'हौस' म्हणतो आणि सोडून देतो. हा पिक्चर अशाच शनिवारांचा बनलाय. नोलनचं कौतुक करा, जरूर करा. पण त्यातला अर्धा वाटा त्या बिननावाच्या तरुणाचा आहे, आणि तो 'बिचारा' तर मुळीच नाही.