मैदान कोणाच्या मालकीचे?

बर्लिन शहराशी वऱ्हाडचे एक जुने नाते आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे गेले आणि कबड्डी, खो-खो, मल्लखांब या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने परदेशी जाणकारांपुढे करून दाखविली. वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेल्या रोपट्याला तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. देश पारतंत्र्यात होता, स्वतःचा ध्वज नव्हता, तरी खेळ स्वतःचे होते. त्याच बर्लिनमध्ये २०१९ च्या जुलै महिन्यात आणखी एक भारतीय संघ उतरला. मुंबईच्या नमन माथूर याचा ‘सोल’ हा संघ ‘पबजी मोबाइल’च्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी खेळण्यासाठी गेला होता. देश स्वतंत्र होता, ध्वज होता, कोट्यवधी चाहते होते. खेळ मात्र कोरियन कंपनीच्या मालकीचा आणि चिनी कंपनीने मोबाइलसाठी घडविलेला होता.

या फरकाचा दोष त्या मुलांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ती मेहनत करून तेथवर पोहोचली होती. प्रश्न त्यांच्या मेहनतीचा नाही. ज्या मैदानावर ही मेहनत खर्ची पडते, ते मैदान कोणाचे, हा आहे. आणि हा प्रश्न आज अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांत येऊन ठेपला आहे.

अकोल्यात शिकवणी वर्गांसाठी वाशीम-बुलढाण्याकडून आलेली शेकडो मुले खोल्या घेऊन राहतात. अभ्यासाच्या चित्रफिती पाहायच्या म्हणून वडिलांनी घेऊन दिलेला मोबाइल हाती असतो. रात्री जेवण झाले की त्याच मोबाइलवर एखादा नामांकित ‘प्रो प्लेयर’ थेट प्रक्षेपणात चाहत्यांशी बोलत असतो. खेळता खेळता तो प्रश्नांना उत्तरे देतो. ‘भाऊ, तुमी दिवसाचे किती घंटे खेळता?’ ‘मोबाइल कोणता वापरता?’ ‘घरचे मानत नसतील तर काय करावे?’ ‘बारावी सोडून पूर्णवेळ याच मार्गाला लागावे का?’ प्रश्न विचारणारा पंधरा-सोळा वर्षांचा, उत्तर देणारा बावीस-तेवीसचा. घरातील थोरल्या भावाने जे बोलायचे, शाखेतील शिक्षकाने किंवा आखाड्यातील वस्तादाने जे सांगायचे, ते हा अनोळखी तरुण पडद्यावरून सांगत असतो. त्याने ते काम हिसकावून घेतलेले नाही. आपण ती जागा रिकामी ठेवली, म्हणून ती त्याच्याकडे गेली.

निष्पक्षपणे सांगायचे तर यातील कित्येक खेळाडू ‘आधी शिक्षण पुरे करा’ असेच सांगतात. त्यांच्यावर सरसकट मुले बिघडविल्याचा आरोप करणाऱ्यांनी एकदा तरी ते प्रक्षेपण पूर्ण ऐकावे. पण ऐकताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. हजारो प्रश्नांच्या लोंढ्यात कोणता प्रश्न वाचला जातो? ‘यूट्यूब’वर ‘सुपर चॅट’ नावाची सोय आहे. पैसे भरले की आपला संदेश रंगीत होतो, आणि रक्कम मोठी असेल तर तो अधिक वेळ वर टांगलेला राहतो. साहजिकच त्याचे उत्तर आधी मिळते. वस्तादापुढे बसलेल्या पोराने डाव विचारला म्हणून वस्तादाने कधी पैसे मोजून घेतले आहेत काय? येथे प्रश्नालाच दर लागला आहे, आणि तो दर भरणारा पोरगा बापाच्या खात्यातून भरतो. खेळाडू आणि चाहता यांच्या जिव्हाळ्याच्या नात्यात मधला दलाल किती सहज शिरला, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

याहून महत्त्वाचे आहेत ते कधीच न विचारले जाणारे प्रश्न. संघाशी झालेल्या करारात काय लिहिले आहे? बक्षिसाच्या रकमेतील वाटा किती? करार करणारा अठरा वर्षांखालील असेल तर सही कोणाची? पंचविशीच्या आतच बोटांचा वेग मंदावला आणि संघाने दुसरा मुलगा घेतला तर पुढे काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा की, उद्या खेळच बंद झाला तर?

हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली. ती आवश्यकच होती. गलवानच्या खोऱ्यात आपल्या वीस जवानांनी बलिदान दिल्यावर चिनी कंपन्यांना भारतीय तरुणांची माहिती गोळा करू देणे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला परवडले नसते. पुढे कोरियन कंपनीने जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नव्या नावाने तोच खेळ आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही सरकारी आदेशावरून ‘गुगल’ आणि ‘अ‍ॅपल’च्या दुकानांतून नाहीसा झाला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीची अट घालून त्याला पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे सुमारे दहा महिने या खेळावर पोट भरणाऱ्या तरुणांच्या पायाखाली जमीन नव्हती. सरकारचे चुकले असे येथे म्हणायचे नाही. चूक त्या रचनेत आहे. ज्या खेळाचे नियम, मैदान, चेंडू आणि पंच हे सारे एकाच परक्या कंपनीच्या संगणकात आहेत, त्या खेळाडूला स्वतःचे असे काय उरते? कबड्डीवर कोणी बंदी घातली असती तर पोरांनी काठीने नवी रेघ आखून दुसऱ्या गल्लीत खेळ मांडला असता.

‘एका जागी बसून कसला आला खेळ?’ हा आपल्याकडील ज्येष्ठांचा आवडता आक्षेप येथे बाजूला ठेवावा लागेल. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीसारख्या दिग्गज खेळाडूला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची ही मुलगी बसूनच खेळली आणि ग्रँडमास्टर होऊन परतली. तेव्हा सर्व विदर्भाने पेढे वाटले. बसणे हा दोष असता तर तेही चुकले म्हणावे लागेल. बुद्धिबळ आणि ‘बॅटलग्राउंड्स’ यांच्यातील भेद घामाचा नसून मालकीचा आहे. चौसष्ट घरांचा पट कोणाच्या मालकीचा नाही. तो कोणी बंद करू शकत नाही, रात्रीतून त्याचा नियम बदलू शकत नाही, आणि वजिराला नवा अंगरखा चढविण्यासाठी पैसे मागत नाही.

ई-क्रीडेला आता शासनमान्यताही मिळाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. ते चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कर्जापायी कुटुंबे उद्ध्वस्त होत असताना एवढे कठोर पाऊल उचलल्याबद्दल सरकारचे अभिनंदनच करायला हवे. त्याच कायद्याने ई-क्रीडेला मात्र जुगारापासून वेगळे काढून प्रोत्साहनाच्या रकान्यात बसविले. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नमन माथूर, मिथिलेश पाटणकर, पायल धारे आदी सात तरुणांशी संवाद साधला, तेव्हाही खेळ आणि जुगार यांतील भेदाची चर्चा झालीच होती. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील उमरानाला या छोट्या गावातून पायल धारे त्या बैठकीपर्यंत पोहोचली, ही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. लहान गावातील मुलीला महानगराची पायरी न चढता नाव मिळू शकते, हे या क्षेत्राचे बलस्थान मान्य केलेच पाहिजे.

(जाता जाता एक सांगायला हवे. मुलांच्या मोबाइलवरील खेळाला नाके मुरडणारे आपल्यातील अनेक सुशिक्षित गृहस्थ क्रिकेटच्या सामन्याआधी स्वतः पैसे लावून ‘टीम’ लावीत होतेच. भारतीय संघाच्या छातीवर त्या धंद्यातील कंपनीचे नाव मिरवत होते, तेव्हा एकाही दिवाणखान्यात संस्कृती धोक्यात आली नव्हती. ते नाव उतरले, तेही २०२५ चा कायदा आल्यावर.)

पण ‘क्रीडा’ हे नाव हवे असेल तर क्रीडेची बंधनेही पत्करावी लागतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. आज ना उद्या ई-क्रीडा या रांगेत उभी राहणार. त्या वेळी अमरावतीच्या मल्लखांबपटूच्या किंवा अकोल्याच्या मुष्टियोद्ध्याच्या शेजारी उभे राहणाऱ्या या खेळाडूचे वय कोणी तपासले, प्रशिक्षक कोण, दुखापत झाली तर वैद्य कोण, पंचाचा निर्णय अमान्य असेल तर दाद कोठे मागायची, याची उत्तरे तयार असली पाहिजेत. आज बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कंपनीकडे’ असे आहे. स्पर्धा तिची, नियम तिचे आणि न्यायही तिचाच! असा महासंघ कबड्डीत निघाला असता तर वर्तमानपत्रांनी त्याची सालटी काढली असती.

वेळमर्यादेचे उदाहरण घ्या. २०२३ मध्ये परत येताना ‘बॅटलग्राउंड्स’ने अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि प्रौढांना सहा तास अशी मर्यादा जाहीर केली. कागदावर ती उत्तम आहे. मुलाच्या खेळण्याला पालकाची संमती हवी, त्यासाठी पालकाच्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो. पण वऱ्हाडातील किती घरांत तो क्रमांक वाचून देणारा मुलगाच असतो? बापाला मोबाइल शिकविणारा तोच, बँकेचे संदेश उघडणाराही तोच. चीनने २०२१ मध्ये आपल्या अल्पवयीन मुलांना आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळायला मोकळा ठेवला. दुसऱ्यांच्या मुलांना खेळ विकायचे आणि स्वतःच्या मुलांना कुलपात ठेवायचे, हा तो व्यवहार. चीनचे अनुकरण करण्याचे कारण नाही, तेथील हुकूमशाहीचे तर मुळीच नाही. पण आपल्या पोरांच्या वेळेची किंमत तो देश किती नेमकी ओळखतो, हे पाहून ठेवायला हवे.

दुसऱ्या टोकाला घाबरलेले पालक आहेत. त्यांना प्रत्येक खेळणारा मुलगा व्यसनी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद केली आहे, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत आहे. पण तिच्या कसोट्या कडक आहेत. खेळण्यावर ताबा उरत नाही, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ ठरतो, नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर टिकते, तेव्हा त्याला विकार म्हणतात. रविवारी चार तास खेळला म्हणून मुलाला व्यसनी ठरवून त्याचा मोबाइल आपटणारा बाप त्या मुलाला घरातून उचलून थेट पडद्यावरच्या ‘भाऊ’कडे ढकलत असतो.

कार्यकर्त्यांनी विचार करावा अशी बाजू पुढेच आहे. खेळ बनविणे ही कलाही आहे आणि उद्योगही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. एक साधी भारतीय मुलगी, देवतांनी तिच्या हाती दिलेली शस्त्रे, आपल्या स्थापत्याने नटलेले महाल आणि आपल्या पुराणांतील कथाविश्व असा तो आहे, आणि परदेशी खेळाडूंनी त्याचे कौतुक केले. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणून थेट कोरियन-चिनी कंपन्यांच्या बाजारात पाऊल टाकले. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी गाजावाजाने आलेला ‘फौजी’ मात्र पहिल्या उत्साहानंतर मागे पडला. नावात देशभक्ती असून भागत नाही, खेळही तोडीचा लागतो. अमरावती आणि अकोल्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, चित्रकलेत हात बसलेली मुले आहेत, सिपना-पूर्णेच्या काठच्या कथा आहेत, मेळघाटचे जंगल आहे. मग येथील संगणक शिकलेला मुलगा पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या देशाची हिशेबवही लिहितो आणि रात्री तिसऱ्याच्या देशाचा खेळ खेळतो, हे किती दिवस चालायचे?

कबड्डी बर्लिनमध्ये दाखविली गेली १९३६ साली आणि आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळली गेली ती १९९० साली, बीजिंगमध्ये. खो-खोचा पहिला विश्वचषक भरायला २०२५ चा जानेवारी उजाडला, आणि दिल्लीत तो भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. ज्यांनी पहिली प्रात्यक्षिके केली त्यांतील बहुतेकांना यातील काहीच पाहायला मिळाले नाही. तरी त्यांनी मैदान राखले, कारण ते त्यांचे होते.

यापुढे अमरावतीत किंवा अकोल्यात ई-क्रीडेची स्पर्धा भरली, एखाद्या महाविद्यालयाच्या संमेलनात नामांकित खेळाडू चाहत्यांच्या भेटीला आला, तर पालकांनी घरी बसून चडफडण्यापेक्षा तेथे जावे. मुलाच्या शेजारी बसावे. आयोजकांकडे कराराचा नमुना मागावा, वयाची अट विचारावी, प्रायोजक कोण ते विचारावे, आणि खेळ बंद पडल्यास खेळाडूंची जबाबदारी कोण घेणार हे लेखी मागावे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनीही परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी हेच विचारावे. या प्रश्नांना ‘सुपर चॅट’ लागत नाही.