कायदा आपल्या दारी : नादावा लिहून देण्याआधी



चांदूर रेल्वेसारख्या गावातला आपला मुलगा कुरिअरची किंवा संगणक वर्गाची फ्रँचायझी घेतो. मुदत वाढवताना कंपनी नादावा मागते : ‘माझे काही येणे नाही, तक्रार नाही.’ सही केली की हक्क संपला काय?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात फ्रँचायझी कायद्याचे संरक्षण सोडायला लावणारी अट रद्दबातल ठरते. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आधार १८७२ च्या करार कायद्याचा. कलम १९अ प्रमाणे गैरवाजवी दबावाखाली केलेला करार रद्द करून घेता येतो. बोघारा पॉलिफॅब प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की जबरदस्तीने घेतलेली पूर्ण फेडीची पावती बंधनकारक नाही. मात्र दबाव सिद्ध करावा लागतो.

म्हणून आपले येणे आधी लेखी कळवा, पोच घ्या, नक्कल जपा. सही त्यानंतर.